डाव्या पंखातले रिव्हेट

मामा,

तुमच्या तेराव्याला जेवायला आलेल्या माणसांनी तुमच्या हातांचं इतकं कौतुक केलं, की मी वाढायचंच विसरले. हँगरमधले तुमचे जुने सोबती भिंतीला टेकून ओळीनं बसले होते. त्यातले एक जाड चष्म्याचे गृहस्थ लाडू फोडत म्हणाले, "चव्हाणसाहेबांच्या हातून एक भोक कधी वाकडं गेलं नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. आत्यांनी पदर डोळ्यांना लावला. मी भाताचं पातेलं धरून तिथेच उभी. कारण सारसोळ्याच्या शेडमध्ये गोधडीखाली तुमच्या विमानाचा डावा पंख पडून होता, आणि त्यातल्या एका ओळीतली भोकं वाकडी आहेत हे दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यातला एक माणूस हार घालून फोटोत बसला होता.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायचं असतं. ते पाहुण्यांनी पोटभर केलं. माझं मात्र तुमच्याशी भांडण अर्धवट राहिलंय, आणि ते मनात ठेवून मला झोप लागत नाही.

लग्न होऊन आले तेव्हा माझ्या आईनं बजावून पाठवलं होतं. सासऱ्यांना मामा म्हणायचं, सासूबाईंना आत्या, मामांच्या समोर बसायचं नाही आणि शब्दाला शब्द द्यायचा नाही. तुम्ही विमानदुरुस्तीच्या हँगरमधून रिटायर होऊन नेरूळच्या या रो-हाउसमध्ये आलात, तोवर मी ते बऱ्यापैकी पाळलंही. तुमचा विजय सदानकदा जहाजावर, मी सकाळी बालवाडीत, आणि दुपारी घरात आपण तिघं तीन खोल्यांत. मग ते खोकं आलं. मुंबईतल्या कुणा हौशी श्रीमंतानं दोन माणसांच्या विमानाचे सुटे भाग परदेशातून मागवले होते. हौस फिटली आणि ते लोढणं तुमच्या गळ्यात पडलं. तुम्ही ते हारासारखं मिरवलंत. आत्या म्हणाल्या, "लोकं म्हातारपणी काशीला जात्यात, आणि आमचं ह्ये विमान बांधाय बसले." तुम्ही पान लावत म्हणालात, "काशीला विमानानं जाऊ."

सारसोळे गावच्या कोळीवाड्यातल्या हिरामणदादांची जाळी ठेवायची पत्र्याची शेड तुम्ही मिळवलीत. अर्ध्या भागात त्यांची जाळी, अर्ध्यात तुमचं विमान, आणि सगळ्याला सुक्या बोंबलाचा वास. हिरामणदादा खाडीवरून परतताना रोज दारात उभे राहायचे आणि विचारायचे, "मामा, कवा उरनार यो इमान?" तुम्ही सांगायचात, "इकडं विमानतळ होऊ दे, मग उडवतो." विमानतळाच्या नुसत्या वावड्या होत्या, आणि तुमच्या विमानाला तेव्हा चाकंही नव्हती. तरी दोघं खदाखदा हसायचात. तुम्ही घरात असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

रिव्हेट एकट्यानं ठोकता येत नाही, हे मला तिथे कळलं. पत्र्याच्या बाहेरून एक माणूस हवेच्या गननं रिव्हेटचं डोकं ठोकतो, आणि आतून दुसरा माणूस त्याच्या शेपटीला लोखंडी ठोकळा दाबून धरतो, तेव्हा कुठे ती शेपटी चपटी बसते आणि दोन पत्रे एक होतात. पंखाच्या आतल्या बरगड्यांना हात जाण्यापुरती गोल खिडकी असते. तुमचा पंजा फावड्याएवढा. तुम्ही पहिल्याच दिवशी प्रयत्न करून पाहिलात, मनगटाशी अडकलात, आणि मग घरी येऊन माझ्या हातांकडे पाहायला लागलात. चहा देताना मला इतकं अवघडल्यासारखं झालं की तो बशीत सांडला.

बांगड्या काढल्याशिवाय माझाही हात आत जाईना. मी काढल्या, आणि तशीच घरी आले. आत्यांनी दारातच धरलं. "नवरा समुद्रावर हाय आणि तू मोकळ्या हातानं फिरतीस? काय वाटतं का न्हाई?" तुम्ही वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाहीत. बायकांच्या भांडणात तुम्ही कधी पडत नव्हतात. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये खिळ्याला कापडी पिशवी टांगलेली होती, आत कापूस. "यात ठेव, आणि घरी जाताना आठवणीनं घाल," म्हणालात. "एखादी फुटली तर तुझी सासू मला फोडेल." माझ्याशी तुम्ही केलेली ती पहिली थट्टा.

गनच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तुम्ही मला हँगरमधली खूण शिकवलीत. ठोकळ्यानं आतून दोनदा वाजवलं की रिव्हेट चांगला बसला, पुढे चला. तीनदा वाजवलं की वाईट, काढा. एवढंच. पण मामा, ज्या घरात सुनेनं सासऱ्याला "असं नको" म्हणायचं नसतं, त्या घरात तुम्ही मला तीनदा वाजवायची मुभा दिलीत. मी आधी घाबरत घाबरत वाजवायची. पत्र्यापलीकडून तुमचा हुंकार यायचा, आणि तुम्ही निमूटपणे रिव्हेट काढायचात. डोक्याच्या बरोबर मधोमध पंच ठोकून खळगी पाडायची, त्या खळगीत ड्रिल धरून डोकं उडवायचं, आणि उरलेली दांडी हळूच आत ढकलायची. उजवा पंख आपण असा पुरा केला. आत्यांना मी पाच वाक्यांत सांगू शकत नव्हते ते तुम्हाला तीन ठोक्यांत सांगत होते. माझ्या आयुष्यात असं माझं ऐकणारं दुसरं माणूस नव्हतं, आणि हे तुम्हाला सांगायचं सुचलंच नाही मला.

मग डावा पंख. तो पश्चिमेच्या दाराशी ठेवावा लागला, कारण हिरामणदादांची नवी जाळी आली होती. त्या ओळीची निम्मी भोकं तुम्ही सकाळी पाडलीत. जेवायला घरी गेलात, डुलकी काढलीत, आणि उरलेली दुपारी पाडलीत. तोवर दारातून ऊन थेट पंखावर आलेलं. मी पत्र्यावर हात टेकवला तर तव्यासारखा चटका बसला. आतली बरगडी मात्र सावलीत गार होती. मी म्हटलंसुद्धा, "मामा, वरचा पत्रा तापलाय, ऊन उतरल्यावर पाडू या का?" तुम्ही हसलात. "पत्रा काय पापड आहे का फुगायला?" जन्म तुमचा बंद हँगरच्या सावलीत गेला होता. ऊन हा काही विमान बांधण्यातला भाग असतो, हे तुमच्या गावीही नव्हतं. संध्याकाळी पत्रा निवला, आखडला, आणि दुपारची भोकं बरगडीतल्या भोकांवरून सरकली. थोडीशीच. पण रिव्हेटला थोडंसंही पुरतं.

तुम्हाला ते दिसलं नसेल असं मी मानायला तयार नाही. तुम्ही अणकुचीदार सळई घालून भोकं ओढून जुळवलीत, जुळली नाहीत तिथे ड्रिल फिरवून रुंद केलीत, आणि म्हणालात, "कारखान्यानंच चुकीचं पाठवलंय. होऊन जाईल." होऊन जाईल! हा शब्द तुमच्या तोंडून ऐकून मला भीती वाटली होती.

गन सुरू झाली. सकाळच्या भोकांतले रिव्हेट नीट बसले, मी दोनदा वाजवत गेले. मग दुपारच्यातला पहिला बसला आणि मी आतून बोट फिरवलं. शेपटी एका बाजूला कललेली, दुसऱ्या बाजूला नख जाईल एवढी फट. मी तीनदा वाजवलं. तुम्ही काढला नाहीत, पुढच्यावर गेलात. मी पुन्हा तीनदा वाजवलं. तुम्ही पुन्हा पुढे. मध्ये एक वरवर बोट फिरवून बरा वाटला, त्याला मी दोनदा वाजवलं. त्यापुढच्याला परत तीन. असं करत करत ओळ संपली, आणि तुम्ही गन फडक्यावर आपटलीत.

"तू बोटांनी विमानं तपासणार आता? हँगरमध्ये माझ्या कामाला तीनदा वाजवायची कुणाची छाती झाली नाही."

मी पत्र्यामागेच बसून राहिले. चेहऱ्यासमोर पत्रा होता म्हणूनच बोलता आलं. "मामा, पण ते वाकडे आहेत."

तुम्ही चपला घातल्यात आणि निघून गेलात. माझ्या बांगड्यांची पिशवी खिळ्यावर तशीच होती. त्यानंतर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. जेवताना मीठ हवं असलं तरी आत्यांकडे मागायचात. मीही काही कमी नव्हते, तुमच्या ताटात भाजी वाढून तोंड फिरवायची. तुम्ही रोज शेडमध्ये एकटेच जायला लागलात. मी एकदा दारात चपला काढून उभी राहिले, तर म्हणालात, "साफसफाई करायचीय. तुझी गरज नाही." मग मीपण ठरवलं, की बोलवल्याशिवाय जायचं नाही. तुम्ही शेडमध्ये कोसळलात आणि हिरामणदादांनी तुम्हाला टेम्पोत घालून वाशीच्या हॉस्पिटलात नेलं, तेव्हा मी बालवाडीत पोरांकडून बाराखडी म्हणवून घेत होते.

हॉस्पिटलात तुमची वाचा गेलेली होती. उजव्या हाताला सलाइन, डावा हात चादरीवर. मनगटापासून कोपरापर्यंत तो हात खरचटून सोलवटला होता, काही ठिकाणी खपली धरलेली. आत्यांनी विचारलं, "हे कुठं लागलं ह्यांना?" नर्सनं सांगितलं, पडताना लागलं असेल. आम्ही मान्य केलं. पडलेल्या माणसाच्या खरचटण्याकडे त्या वेळी कोण बघतं? आत्या खाली चहाला गेल्या तेव्हा मी खाटेच्या दांड्यावर नखानं दोनदा वाजवलं. तुम्ही डोळे उघडले नाहीत. पुन्हा वाजवायचा धीर झाला नाही.

विजय पोचला तेव्हा राख सावडून झाली होती. अग्नी तुमच्या चुलतभावानं दिला. विजयनं घरात येऊन तुमची गन शोधली, आणि ती मांडीवर घेऊन बसून राहिला. म्हणूनच तो पुढे माझ्याशी तसा वागला, हे मला कळतं. त्या वेळी कळत नव्हतं.

तेराव्यानंतर निखिल आला, तुमच्या ओळखीचा तो तरुण पायलट. विमान नेतो म्हणाला, पुरं करतो, काकांचं नाव त्यावर घालतो. शेडमध्ये त्यानं उजव्या पंखावरून हात फिरवला, आडवा डोळा लावून ओळ न ओळ पाहिली. डाव्यावरची गोधडी विजय उचलायला गेला, तर तो म्हणाला, "राहू दे रे. काकांचे रिव्हेट म्हणजे डोळे झाकून बसायचं. रविवारी टेम्पो आणतो." डोळे झाकून, मामा. मी हिरामणदादांच्या जाळ्याला धरून उभी राहिले.

घरी येऊन मी विजयला सांगितलं, डाव्या पंखातली एक ओळ काढावी लागेल.

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

"सुनंदा, तू बालवाडीत शिकवतेस. बाबांचा जन्म गेला यात."

"आत बोटं माझी होती. त्यांची नव्हती."

"अगं यार, मला त्यांचं शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही. आणि आता मी लोकांना सांगत फिरू, की बाबांचं काम चुकलं म्हणून?"

"तो पोरगा त्यात बसून उडणार आहे, विजय."

आत्या आतून आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "अजून म्हैना झाला न्हाई माणसाला जाऊन," त्या म्हणाल्या, "आणि तू त्येंच्या नावाला बट्टा लावतीस? जित्तेपणी गप बसलीस, आता तोंड फुटलं व्हय?"

जिवंतपणी मी गप्प बसले नव्हते, पण ते आत्यांना कसं सांगणार? तुम्ही आणि पत्रा, दोघंच साक्षीदार. मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये जाऊन निखिलचा नंबर फिरवला आणि घंटा वाजायच्या आत ठेवून दिला. काय सांगणार होते? की सासरे चुकले, सून सांगते? तुमचा राग आला मला, खूप आला. तुम्ही मेलात आणि शहाणे ठरलात, आणि मी जिवंत राहून तुमची वैरीण. एका परक्या पोराचा जीव आणि तुमची अब्रू एका तराजूत घालून तुम्ही तो माझ्या हातात देऊन गेलात, असंच मला वाटत होतं.

शनिवारी उजाडताच मी शेडची किल्ली घेतली. विजय मागोमाग आला, मला अडवायला की सोबत, त्यालाही माहीत नसावं. मी ड्रिल हातात घेतलं, पंच घेतला, आणि डाव्या पंखावरची गोधडी ओढली.

खळग्या पाडलेल्या होत्या, मामा.

त्या ओळीतल्या रिव्हेटच्या डोक्यांवर, बरोबर मधोमध, तुमच्या पंचाची खळगी. माझ्या आधीच कुणीतरी काढायला सुरुवात केली होती. मी ओळीवरून बोट नेत गेले. जिथे जिथे मी तीनदा वाजवलं होतं तिथे तिथे खळगी होती. एकही सुटला नव्हता. इतक्या रागात, गन चालवत, पुढे पुढे जात तुम्ही माझा प्रत्येक ठोका ऐकला होतात आणि ध्यानात ठेवला होतात. ड्रिल धरण्याआधीच तुम्ही कोसळलात.

विजयनं वाकून पाहिलं. त्याला खळगीचा अर्थ लहानपणापासून ठाऊक होता. "हे बाबांनी केलंय?" तो म्हणाला. "बाबांनीच काढायला घेतले होते?" मी मान हलवली. तो जाळ्यांच्या ढिगावर बसला आणि आल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडला.

पण मी अजून ओळीवरच होते. एक खळगी जास्त होती. मधला तो, ज्याला मी दोनदा वाजवलं होतं, चांगला म्हटलं होतं, त्याच्याही डोक्यात खळगी. मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडले. हा बरा होता, हा कशाला? बाहेरून तर त्याचं डोकं इतकं नीट बसलेलं, की तुम्हालाच काय, कुणालाही संशय येऊ नये. ड्रिल लावून तो काढला. आतलं भोक इंग्रजी आठासारखं निघालं, दोन भोकं एकमेकांत घुसलेली. ते बाहेरून दिसणं शक्य नव्हतं. आतून, कुणीतरी हात घालून, बोटानं चाचपल्याशिवाय कळणं शक्यच नव्हतं.

तेव्हा मला तुमचा तो हात आठवला, चादरीवरचा. मनगटापासून कोपरापर्यंत सोलवटलेला.

माझी गरज नाही म्हणालात, आणि माझ्या हाताला बेताची पडणाऱ्या त्या खिडकीतून तुमचा फावड्याएवढा पंजा आत घातलात. पत्र्याच्या कडांनी कातडी जात असताना एकेक रिव्हेट चाचपलात, मी बरोबर होते का ते पाहायला. किती दिवस? घरी येऊन लांब बाह्यांचा सदरा घालून जेवायला बसत होतात, हेही आता आठवतं. मामा, हाक मारायची होती मला. मी दारात चपला काढून उभी होते.

निखिलला विजयनंच फोन केला. सांगितलं, डावा पंख पुरा व्हायचाय, बाबांनी काम काढून ठेवलंय, ते झाल्यावर ने. आम्ही ती ओळ उकलली. ज्या भोकांच्या कडेला पुरेसा पत्रा उरला होता, तिथे भोक एक नंबर मोठं करून जाडा रिव्हेट घालायचं ठरवलं. जिथे कड जवळ होती, तिथे मोठं करायला जागाच नव्हती. तिथे आतून नवी पट्टी लावून शेजारी नवी भोकं पाडली, सगळी सकाळी, ऊन चढायच्या आत, दार लावून. पट्टी विजयनं कापली, तुमच्यासारखी कानस मारून. पण ठोकायची वेळ आली आणि अडलं. गन माझ्याशिवाय कुणाला येत नव्हती, ती तुम्ही भंगार पत्र्यावर शिकवली होतीत मला. आणि विजयचा पंजा तुमच्यावर गेलेला, खिडकीत शिरेना.

आत्या डबा घेऊन आल्या होत्या. या शेडमध्ये त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्यांनी आधी खळग्या पाहिल्या, विजयनं समजावून सांगितलं ते ऐकलं. मग खिळ्यावरच्या कापसाच्या पिशवीकडे पाहत राहिल्या.

"ही कशाला?"

"बांगड्या ठेवायला," मी म्हटलं. "त्याशिवाय हात आत जात नाही."

त्यांनी डबा खाली ठेवला. मग पदर खोचून पंखापाशी बसल्या. "माझं हात आता मोकळंच हायेत," म्हणाल्या. "दे इकडं तो ठोकळा. दोन म्हंजे चांगला, तीन म्हंजे वाईट. मला ठाव हाय, झोपंत बरळायचे."

बांगड्यांचे वळ अजून त्यांच्या मनगटावर होते, बाकीच्या कातडीपेक्षा उजळ. हात सहज आत गेला. मी बाहेरून रिव्हेट घातला, गन टेकवली आणि दाबली. ठोकळा आतून डळमळला, तरी त्यांनी सोडला नाही. मी थांबले. पत्र्यापलीकडे त्यांचं बोट शेपटीवरून फिरत होतं, ते मला ऐकू येत होतं.

मग आतून आवाज आला. एक, दोन, तीन.

मला राग आला, मामा. अगदी तुमच्यासारखा, कानशिलं तापवणारा. पट्टी नवी होती, भोक सरळ होतं, गन मी नीट धरली होती, आणि आत्यांनी जन्मात कधी रिव्हेट पाहिला नव्हता. विजय माझ्याकडे बघत होता. मी गन खाली ठेवली, पंच घेतला आणि डोक्याच्या मधोमध टेकवला.